सलाला दिसल्याशिवाय लग्न नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "लवू, रागावतोस कशाला, फुकट तर आहे!"

फुकट आहे म्हणे!

अहो, पोफळीचा उभा सोट, त्याच्या शेंड्याला मी, पायात दोरीचा फास, दातात पक्कड, हातात ती अ‍ॅल्युमिनियमची अँटेना, बांगडा खाऊन उरलेल्या काट्यासारखी! खाली अख्खी वाडी माना वर करून बघतेय, कुणाच्या हातात चहा, कुणाच्या तोंडात आंबा, आणि हे गृहस्थ पडवीत खुर्चीत बसून ओरडतायत, "जरा पश्चिमेला घे रे!" पश्चिमेला! समोर अख्खा समुद्र पश्चिमेलाच आहे, त्यातली कुठली पश्चिम? डावीकडची, उजवीकडची, की मधली? दातात पक्कड असल्यावर माणूस विचारणार तरी कसं?

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. हेदवीच्या अलीकडे आमची वाडी, तिथे कुणालाही विचारा. नववीत शाळा सोडली ती पण न बोलता सोडली. बाईंनी उभं करून विचारलं, "काल का नाही आलास?" मला उत्तर येत होतं हो, तोंडातून बाहेर येईना. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय... दुसऱ्या दिवसापासून मी गेलोच नाही, झाडावर चढायला लागलो. आमच्याकडे ह्याला पाडेली म्हणतात. नारळ पाडायचे, सुपारी उतरवायची, मोसमात हापूस काढायचा. झाडाचं एक बरं असतं, झाड प्रश्न विचारत नाही. पण आज मी बोलणार. आज मला कुणी मध्ये थांबवू नका, थांबलो तर परत बोलता येणार नाही!

तर हे पडवीतले गृहस्थ म्हणजे आत्मारामकाका. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी. जगातल्या सगळ्या बंदरांत ह्यांनी वरणभात शिजवलाय. आता निवृत्त झाले, घरी बसले, आणि घरी बसून काय करतात? तर जगाची तुलना! आणि ती पण कशावरून? तिथे टीव्ही फुकट दिसतो की नाही ह्यावरून! "इटलीत काय मज्जा आहे लवू, नुसती काठी लावायची, चॅनलच चॅनल, मोजता मोजता पास्ता करपतो! ब्राझीलला फुकट, ऑस्ट्रेलियाला फुकट. जपानात हवेतून फुकट येतं, पण मग दारात माणूस येतो वर्गणी मागायला, एवढा वाकून मागतो की आपल्यालाच लाज वाटते. आणि इंग्लंडात? टीव्ही बघायला लायसन!" लायसन! मी म्हटलं, काका, बंदुकीला लागतं तसं? म्हणजे म्हटलं नाही, मनात म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा फुकटचा सोस आहे तर डिशची छत्री लावा की! अहो, आहे ना छत्री! त्यांच्याच पत्र्यावर आहे. कीर्तन दिसतं, कुस्ती दिसते, जुने सिनेमे दिसतात, सगळं फुकट. पण काकांना ते चालत नाही. का? "ते वरून येतं रे. आभाळातून पडतं. त्याला काय अर्थ आहे? समोरून आलं पाहिजे. पाण्यावरून."

आणि मग एकदा, त्यांचे नारळ पाडून मी खाली पाणी पीत बसलो होतो तेव्हा त्यांनी सांगितलं. जहाज भर समुद्रात असलं की टीव्हीत काही नाही. नुसता काळा पडदा. चहूबाजूला पाणी, तीच माणसं, तीच तोंडं, कोण कोणाशी बोलत नाही. आणि मग एखाद्या संध्याकाळी पडद्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात. तुटकं तुटकं. मग त्या चौकोनांतून एक माणूस जमतो, बातम्या सांगणारा. कुठली भाषा ते कळत नाही. पण सगळे खलाशी हातातलं काम टाकून धावत येतात. का? तर बंदर जवळ आलं! "जमीन डोळ्यांना दिसायच्या आधी टीव्हीत माणूस दिसायचा, लवू. आणि सगळ्यात पहिल्यांदा मला दिसला तो सलालाला. ओमानात. आपल्या वाडीतून नाकासमोर समुद्र ओलांडलास तर सरळ सलाला. मध्ये काही नाही. ऐन उन्हाळ्यात वारा पडतो, समुद्र तेलासारखा होतो, तेव्हा तिथलं इथे येतं. मी तरुणपणी सुट्टीवर आलो की यायचं, शप्पथ."

तुम्हाला सांगतो, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हातारा माणूस, घरात बसून बंदराची वाट बघतोय. मी म्हटलं, लावू की काठी काका. बस्स! एवढंच बोललो! जन्मात एकदा न विचारता बोललो, आणि तिथेच चुकलो!

आता खोटं कशाला सांगू, मी काठी लावायला नुसत्या काकांसाठी तयार झालो नव्हतो. काकांना मुलगी आहे. आरोही. गुहागरला औषधाच्या दुकानात कामाला जाते. ती बोलायला लागली की मला जवळच्या झाडावर चढावंसं वाटतं. चांगल्या अर्थाने! वरून मला बोलता येतं. म्हणजे, "बाजूला हो, नारळ टाकतोय" एवढं येतं. आणि ती खालून म्हणायची, "बघून टाक, डोकं एकच आहे माझं." झालं, हेच आमचं बोलणं. वर्षानुवर्षं. माझ्या आईच्या लक्षात आलं, गंगुबाईच्या. ती म्हणाली, "मेल्या, नारळ टाकून लग्न होत नाही. तोंड उघड." मी कुठलं उघडतोय? आणि तिकडे काकांनी मुंबईचं स्थळ बघितलं, रितेश नावाचा मुलगा, ऑफिसात कामाला. मे महिन्यात माणसं बघायला येणार असं ठरलं पण.

आता ऐका गंमत. गंमत कसली, माझा सत्यानाश!

आमच्या वाडीत एक रीत आहे. वाघजाईच्या देवळाच्या कळसापेक्षा उंच काही उभं करायचं नाही. झाड वाढलं तर वाढलं, देवीनेच वाढवलं. पण माणसाने उभं करायचं झालं तर देवीला विचारायचं. आमची काठी म्हणजे मी आणलेला पोफळीचा सोट, सुरेख, सरळ, आणि कळसापेक्षा हातभर उंच. लगेच आनंदीबाई उभ्या! वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, चालायला काठी लागते, पण दुसऱ्याची काठी मोजायला बरोब्बर येतात. "आत्माराम! कौल लाव आधी! देवीच्या डोक्यावर बसून तू अरबांची बातमी बघणार?"

कौल म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. तर काका गेले देवळात काठीचं विचारायला. आणि त्याच वेळी, त्याच दिवशी, मला न सांगता, माझी आई गेली देवळात माझ्या लग्नाचं विचारायला! आमचा गुरव दीपक. दीपकची रिक्षा पण आहे. रिक्षा देवळाबाहेर उभी, रिक्षात गुहागरला जाणारी माणसं, ती हॉर्न दाबतायत, आणि हा आत देवीसमोर. आता घाईचा माणूस काय करतो? काम एकत्र करतो! भाजी आणि आमटी एकाच भांड्यात!

"बाये वाघजाये, तुझी लेकरं तुझ्या पायाशी आलीत! होय म्हाराजा! हा आत्माराम काठी उभी करतो म्हणतो, ही गंगुबाई आपल्या लवूसाठी आत्मारामाची आरोही मागते, तर काठी म्हण, लग्न म्हण, जे काय असेल ते एकदाच उजव्यावर सांग आणि पोरांना मोकळं कर! होय म्हाराजा!"

आणि पडली की हो पाकळी! टप्पकन. उजवी.

मी नव्हतो तिथे, मी आंब्यावर होतो. पण आरडाओरडा मला आंब्यावर ऐकू आला! आई म्हणते, "झालं! देवीने सून दिली!" काका म्हणतात, "सून कसली? काठी! मी आधी आलो होतो!" "तू आधी आलास पण पाकळी माझ्या बोलण्यावर पडली!" "लग्न शब्द नंतर आला, पाकळी आधीच हलली होती, मी बघितली!" "जहाजावर राहून डोळे गेले तुझे!" दीपक म्हणतो, "काकी, काका, मला जाऊ द्या, भाडं बसलंय." आणि पायऱ्या उतरून, रिक्षा सुरू करून, गेला पण! आग लावून गेला!

मग निकाल कुणी द्यायचा? आनंदीबाईंनी. सभामंडपात बसून. निकाल ऐका. "देवीने पाकळी एक दिली. एका पाकळीचे दोन तुकडे होत नाहीत. काठी आणि लग्न एकाच गाठीत. काठीवर चित्र दिसलं तर कौल पावला, पोरगी लवूला. नाही दिसलं तर देवीच्या मनात नव्हतं, काठी पण उतरायची आणि लग्न पण. आणि काय ते मुंबईचे लोक येतील त्या दिवसापर्यंत."

आता मला सांगा, ह्याला न्याय म्हणतात? जगात पोरं लग्नासाठी काय काय करतात! नोकरी बघतात, घर बांधतात, दारू सोडतात. आणि माझं लग्न कशावर? ओमानच्या टीव्हीवर! त्या लोकांना माहीत तरी आहे का, तिथे बसून बातम्या वाचताना, की आपण नीट नाही पोचलो तर हेदवीजवळचा एक पोरगा बिनलग्नाचा राहणार आहे? आणि काका काय म्हणाले? "बरं झालं की लवू! आता तू मन लावून अँटेना फिरवशील. आणि तुला पडतंय काय? फुकट तर आहे!"

फुकट आहे म्हणे!

आरोहीला कुणी विचारलं का? नाही! देवीला विचारलं, आनंदीबाईला विचारलं, ओमानला विचारणार होते, पोरीला कोण विचारतोय? शेवटी तिनेच मला गाठलं, विहिरीपाशी. "लवू, तुला करायचंय का माझ्याशी लग्न? हो की नाही?" सरळ! मी कळशीकडे बघतोय. मी म्हटलं, "उद्या... तुमच्या मागच्या कलमाचे आंबे काढायचेत." ती म्हणाली, "ते काढ. लग्नाचं सांग." माझ्या घशात आलं होतं हो! अगदी इथे! पण ती वाट बघून कंटाळली, कळशी उचलून चालायला लागली, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी म्हटलं, "हो." मोठ्याने म्हटलं. तिथे एक म्हैस होती, तिने ऐकलं.

मग सुरू झालं. ऐन मोसम, लोकांचे आंबे झाडावर पिकून गळतायत, बागायतदार मला शिव्या देतायत, आणि मी रोज संध्याकाळी सोटावर! ह्या नव्या टीव्हीचं तर वेगळंच नाटक. पूर्वी मुंग्या तरी दिसायच्या, माणसाला आशा असायची. हा काय करतो? चॅनल शोधतो. एक रेघ सरकत जाते, सरकत जाते... काका पडवीतून ओरडतात, आरोही दारात उभी राहून मला सांगते, "अर्धं झालं!" मी श्वास धरतो. "थोडंच राहिलं!" देवा वाघजाई... "संपलं! शून्य सापडले." शून्य! परत फिरव, परत शोध, परत शून्य. आणि खालून सल्ले! कोण म्हणतं अँटेनाला तांब्याची तार गुंडाळ, कोण म्हणतं हळद लाव, आनंदीबाई म्हणतात, "नारळ ठेव." मी नारळाच्या झाडाएवढ्या उंचीवर बसलोय आणि मला नारळ ठेवायला सांगतात!

पण एक सांगू? त्या दिवसांत आरोही माझ्याशी जेवढं बोलली तेवढं अख्ख्या जन्मात बोलली नव्हती. "डावीकडे. जरा कमी. अरे एवढं नाही! हात दुखतोय का? पाणी पाठवू का वर?" दोरीला तांब्या बांधून पाठवायची. मी वरून म्हणायचो, "आलं का?" ती म्हणायची, "नाही रे." इतकं गोड 'नाही' मी ऐकलेलं नाही. पण गोड असून उपयोग काय? 'नाही' म्हणजे लग्न नाही!

आणि उजाडला तो दिवस. मुंबईची माणसं आली, रितेशची आई सोडून सगळी. काकांनी सगळी वाडी बोलावली, निकाल म्हणजे निकाल. आत पोहे, बाहेर मी सोटावर. नवरामुलगा दाखवतात तसं मला दाखवत होते. "आणि हा वर आहे तो दुसरा उमेदवार!" लोक हसतायत. तो रितेश गोरागोमटा, चष्मा, घामाने भिजलेला, बिचारा वर बघून मला हात करतो! मी हात कसा करणार? हात सोडला तर ओमान जाईल!

तर हा रितेश विचारतो, "काका, नक्की काय बघायचंय तुम्हाला?" काका म्हणाले, सलाला. झालं! त्याने खिशातून मोबाईल काढला. वाडीत रेंज फक्त काकांच्या पडवीत येते, ती पण नेमकी त्याला मिळाली. "हे बघा, ह्यात सगळ्या देशांची यादी आहे. कुठल्याही देशावर बोट ठेवा, तिथे जे फुकट दिसतं ते इथे दिसतं. हे इटली. हे जपान. हे ओमान." आणि दिसलं! वरून मला अरबी ऐकू आलं! तुम्हाला सांगतो, माझे पाय सोटावरून सुटायचे बाकी होते. एवढे दिवस मी हाडं मोडून घेतली, आणि ह्याने अंगठ्याने केलं! गेलं! लग्न गेलं, आरोही गेली, सगळं गेलं!

पण काका काय म्हणाले? काका मोबाईल हातात घेऊन बघत राहिले. मग परत दिला. "छान आहे. पण हे मी नागपूरला बसलो तरी दिसेल ना?" तो म्हणाला, "हो काका, कुठेही!" काका म्हणाले, "मग बंदर जवळ आलं हे कसं कळणार?"

 रितेशने मोबाईल खिशात घातला. आनंदीबाई म्हणाल्या, "मोबाईल कौलात नव्हता. काठीवर दिसलं पाहिजे." मी त्या क्षणी आनंदीबाईंचे पाय धरले असते, पण माझेच पाय दोरीत होते.

परत रेघ सुरू. काका पडवीत डोळे मिटून बसलेले. आरोही आत, दारात, परत आत. अर्धं झालं... थोडंच राहिलं... आणि एकदम आतून आरोही ओरडली, "आलं! आलं! लवू, हलू नको!" आणि सगळी वाडी आत घुसली! टीव्हीवर बातम्या, अरबी, आरशासारखं स्वच्छ! मध्येच कुठेतरी फोन वाजला, चित्र जरा गेलं, परत आलं, पण लक्ष कुणाचं? आई माझी नाचत होती. दीपक गुरव म्हणतो, "कौल कुणी लावला होता? मी!" आणि मी? मी सोटाला मिठी मारून रडत होतो. कुणी बघितलं नाही, सगळे आत होते. म्हटलं, वाघजाई, आई, एवढं कोण करतं गं माझ्यासाठी!

साखरपुडा ठरला. लग्न दिवाळीनंतर. आणि मग, साखरपुडा उरकल्यावर, आरोही मला विहिरीपाशी म्हणाली, "लवू, रागावू नकोस. ते चित्र काठीवर नव्हतं आलं."

काय?

तर तो रितेश! त्याची मुंबईत एक मुलगी आहे ठरलेली, घरी सांगायची हिंमत नाही. म्हणजे हा पण माझ्याच जातीचा, न बोलणारा! मागच्या दारी आरोहीला म्हणाला, "मला नकार द्यायला येत नाही, तुम्हीच काहीतरी करा." आणि दोघांनी मिळून मोबाईलमधलं चित्र टीव्हीवर सोडलं. हवेतून! बिनवायरचं! आणि आता? आता काकांना रोज संध्याकाळी सलाला पाहिजे! म्हणून आरोही स्वतःच्या मोबाईलवरून सोडते, आणि मी...

मी काय करायचं, सांगा? मी रोज वर चढायचं! अँटेना फिरवायची! ज्या अँटेनाला काही येत नाही ती, ज्या दिशेला काही नाही त्या दिशेला, "आलं का?" विचारायचं! ती खालून म्हणणार, "आलं!" सगळं काम तिच्या अंगठ्याचं, आणि घाम माझा! मी म्हटलं, मी रडलो गं वर, खोट्यासाठी रडलो! ती म्हणाली, "तू रडलास?" आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मी राग गिळला आणि परत चढलो. देवीला तोंड दाखवायची चोरी झाली. देवळावरून जाताना मी मान खाली घालायचो.

आणि परवा. परवाचं ऐका आणि मग म्हणा मला, शांत हो लवू.

वारा पडलेला. पान हलत नव्हतं. समुद्र असा, तेलाचा हंडा. आरोहीची गाडी चुकली, गुहागरहून यायची होती, आलीच नाही. म्हणजे मोबाईल नाही! म्हणजे सलाला नाही! आणि काका खुर्चीत बसून, "चढ रे लवू." मी चढलो. काय करणार? म्हटलं, आज पकडले गेलो. दोरी पायात, कपाळाला घाम, अँटेना फिरवतोय, नुसता वेळ काढतोय, रस्त्याकडे बघतोय गाडी येते का... आणि खालून काकांचा आवाज. हळू.

"थांब."

मी थांबलो.

"हलू नको."

"काय झालं काका?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "चौकोन दिसतायत." मग म्हणाले, "माणूस जमतोय, लवू." आणि मग एक वाक्य बोलले. म्हणाले, "आज खरं आलं."

आज? आज खरं? मी वरून ओरडलो, जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसावर ओरडलो, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अरे मेल्या, पहिल्याच दिवशी सलालाच्या बातम्यांत मध्येच 'आई' असं लिहून आलं आणि फोन वाजायला लागला! तिथल्या बातम्या सांगणाऱ्याची आई मराठीत फोन करते होय रे? आणि परवा 'उद्या दुकानात लवकर ये' असं आलं. ते मला सांगत होते काय?"

"मग मला रोज वर का चढवलंत?"

आणि हा माणूस, माझा होणारा सासरा, शांतपणे म्हणतो, "पाकळी एकच पडली ना? काठी आणि लग्न एकाच गाठीत. तू काठीवरून उतरला असतास तर आनंदीबाईने विचारलं असतं, चित्र येतं कसं? मग लग्न मोडलं असतं. ते रितेश-बितेश मीच बघितलं, पण मग मलाच नको झालं रे, ती जाईल मुंबईला आणि मी कुणाला हाक मारू? तू वर होतास म्हणून सगळं नीट होतं. आणि तुला कुठे काय पडत होतं? फुकट तर होतं!"

ऐकलंत? फुकट होतं म्हणे!

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. वरून मला सगळं दिसत होतं. आरोही धावत आली, मोबाईल हातात, घाबरलेली, अंगणात आली, दारातून आत बघितलं... टीव्ही चालू! तिचा मोबाईल तिच्या हातात, आणि टीव्ही आपोआप चालू! तिने वर माझ्याकडे बघितलं. असं बघितलं... मला सगळं बोलता येणार होतं हो त्या क्षणी. विहिरीपाशी जे राहिलं ते, शाळेत राहिलं ते पण. ती म्हणाली, "लवू, उतर खाली." मी एक पाय सोडला.

"हलू नको!" काका. "हललास की जाईल!"

"बाबा, उतरू दे त्याला!"

"जाईल गं! बघ, आत्ता कुठे बंदर लागतंय!"

आणि मी तसाच. एक पाय दोरीत, एक हवेत. आनंदीबाई आल्या, दीपकने रिक्षा थांबवली, रिक्षातली माणसं पण उतरली, माझी आई देवीला हात जोडत आली, सगळे आत. आरोहीला पण आत ओढलं. खरंखुरं सलाला, पाण्यावरून, नाकासमोरून, फुकट, सगळ्या वाडीने डोळे भरून बघितलं.

आणि ज्याच्यामुळे दिसलं, त्याने? मी काय बघितलं माहितेय? अँटेनाची मागची बाजू. आणि तुम्हाला सांगतो, वारा सुटेपर्यंत मी तीच बघत होतो... मग उतरलो, तर काका म्हणाले, "उद्या जरा लवकर चढ."